विदूषकाने मागितलेला हिशेब

गेली काही वर्षे माझ्या वर्गात एक नवाच प्रश्न येऊ लागला आहे. पूर्वी तास संपला की विद्यार्थी परीक्षेला काय येणार ते विचारीत. आता टेबलाभोवती जमतात आणि आवाज खाली आणून विचारतात, "मॅडम, सध्या कुठला शेअर घ्यावा?" कोणाचे स्वतःचे डीमॅट खाते असते, कोणी थोरल्या भावाच्या खात्यावर हौस भागवतो, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या खिशातल्या फोनवर कोणी ना कोणी पंडित हातवारे करून भाव सांगत असतो. मी शेअर सांगत नाही. मला तो सांगता येत असता तर नोकरीची पहिली सात वर्षे तासिका तत्त्वावर काढली नसती, हा भाग वेगळा. परंतु त्या पंडितांविषयी मात्र थोडे सांगता येते, आणि ते सांगताना मी नेहमी एका विदूषकाची गोष्ट सांगते. आमच्या वार्षिकाच्या संपादकांनी "अर्थशास्त्रावर काहीतरी द्या, पण रुक्ष नको" असा आग्रह धरला, तेव्हा तीच गोष्ट जरा सविस्तर लिहावी असे ठरवले.

गोष्ट आहे १२ मार्च २००९ च्या रात्रीची. स्थळ न्यूयॉर्क. 'द डेली शो' या विनोदी कार्यक्रमाचा सूत्रधार जॉन स्टुअर्ट आपल्या मेजामागे बसला होता. समोरच्या खुर्चीत होता जिम क्रेमर, सीएनबीसी या अर्थविषयक वाहिनीवरचा त्या काळचा सर्वांत गाजलेला बाजारपंडित. प्रेक्षक हसण्यासाठी आले होते. त्या रात्री त्यांना बराच वेळ हसता आले नाही.

आधी या सूत्रधाराविषयी. 'द डेली शो' १९९६ साली कॉमेडी सेंट्रल या वाहिनीवर सुरू झाला आणि जानेवारी १९९९ मध्ये स्टुअर्टने त्याची सूत्रे घेतली. कार्यक्रमाचे सोंग बातमीपत्राचे. तसाच टाय, तसेच मेज, खांद्यामागे तसेच चित्र, दूरवरून 'थेट' बोलणारे तसेच वार्ताहर. फक्त ते वार्ताहर शेजारच्याच पडद्यापुढे उभे असत. आपण बातम्या देत नाही, बातम्यांची नक्कल करतो, असे स्टुअर्ट सतत सांगत असे. परंतु हळूहळू या नकलेला एक वेगळेच हत्यार सापडले. कार्यक्रमाच्या कचेरीत कितीतरी वाहिन्यांचे सतत ध्वनिचित्रमुद्रण होत असे आणि ते पाहणारी तरुण मंडळी नेमलेली असत. एखादा पुढारी आज काय म्हणाला हे दाखवायचे, लगेच तोच पुढारी तीन वर्षांपूर्वी काय म्हणाला होता ते दाखवायचे, आणि मग स्टुअर्टने काही न बोलता कॅमेऱ्याकडे पाहायचे. विनोद स्टुअर्टच्या तोंडी नसेच. तो त्या दोन चित्रफितींच्या मधल्या फटीत असे.

ही युक्ती दिसायला सोपी आहे, पण तिच्या मुळाशी एक कष्टाची गोष्ट आहे, ती म्हणजे स्मरण. दूरचित्रवाणीला स्मरण नसते. आज सकाळचा अंदाज संध्याकाळी चुकला तरी संध्याकाळी तो कोणी काढत नाही, कारण तोवर उद्याच्या अंदाजाची वेळ झालेली असते. जो कोणी जुन्या नोंदी जपून ठेवील आणि वेळेवर काढील, तो न ओरडताही मोठमोठ्यांची बोलती बंद करू शकतो. पत्रकारितेच्या भाषेत याला पडताळणी म्हणतात. स्टुअर्टच्या कचेरीत तिला विनोद म्हणत.

ऑक्टोबर २००४ मध्ये हाच माणूस सीएनएनच्या 'क्रॉसफायर' या वादविवादाच्या कार्यक्रमात पाहुणा म्हणून गेला, आणि तुम्ही चर्चेच्या नावाखाली चर्चेचे नाटक करता, त्याने देशाचे नुकसान होते, असे त्या यजमानांना त्यांच्याच घरी सांगून आला. यजमानांनी उलट विचारले, तुम्ही तरी तुमच्या पाहुण्यांना कुठे अवघड प्रश्न विचारता? त्यावर त्याचे उत्तर असे की, माझ्या कार्यक्रमाच्या आधी बाहुल्या लोकांना खोटे फोन करतात, तुम्ही सीएनएनवर आहात. पुढच्या जानेवारीत सीएनएनने तो कार्यक्रम बंद करण्याचे जाहीर केले. स्टुअर्टचे हे उत्तर ध्यानात ठेवावे, ते पुढे उपयोगी पडणार आहे.

आता क्रेमरविषयी. सर्कशीतला माणूस म्हणून त्याला सोडून देता येत नाही. हार्वर्डमध्ये कायदा शिकलेला, गोल्डमन सॅक्स या पेढीत काम केलेला, आणि पुढे १९८७ पासून चौदाएक वर्षे स्वतःचा हेज फंड चालवलेला हा माणूस बाजाराची आतली कळ नेमकी जाणणारा. हेज फंड म्हणजे थोड्या श्रीमंतांचा पैसा घेऊन बाजारात तेजी आणि मंदी दोन्ही बाजूंनी खेळणारी खाजगी पेढी. मंदीच्या बाजूने खेळणे म्हणजे हातात नसलेला शेअर उसना घेऊन आज विकायचा, आणि भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचा. ज्याने असा डाव मांडला त्याला भाव पडण्यात रस असतो, हे उघड आहे.

मार्च २००५ मध्ये क्रेमरचा 'मॅड मनी' हा कार्यक्रम सुरू झाला. बाह्या सरसावलेला क्रेमर ओरडतो, खुर्ची फेकतो, मोठमोठी बटणे दाबतो. बटण दाबले की बैलाचा किंवा अस्वलाचा आवाज, घंटा, टाळ्या. प्रेक्षक फोन करून शेअरचे नाव सांगतात आणि हा एका दमात 'घ्या' किंवा 'विका' म्हणतो. जाहिरातीत ब्रीद असे की, आम्ही क्रेमरवर विश्वास ठेवतो. अमेरिकेच्या नाण्यांवर देवावर विश्वास असल्याचे वचन छापलेले असते. तिथे देवाच्या जागी क्रेमर.

मग आले २००८. अमेरिकेतला डाऊ जोन्स हा निर्देशांक ९ ऑक्टोबर २००७ रोजी १४,१६४ वर बंद झाला होता; ९ मार्च २००९ रोजी तो ६,५४७ वर आला. सतरा महिन्यांत निम्म्याहून अधिक रक्कम उडून गेली. घरे विकण्याच्या नादात ज्यांची ऐपत नाही त्यांना कर्जे दिली गेली, त्या कर्जांच्या मोळ्या बांधून रोखे निघाले, रोख्यांवर अव्वल दर्जाचे शिक्के बसले, आणि ते रोखे मोठमोठ्या पेढ्यांनी उसन्या पैशावर विकत घेतले. यातला शेवटचा भाग वर्गात समजावताना मी फळ्यावर एक रुपया काढते. समजा माझा स्वतःचा एक रुपया आहे. त्याच्या जोरावर मी बत्तीस रुपये उसने घेतले आणि तेहतीस रुपयांचे रोखे घेतले. भाव शेकडा तीनने चढला तर माझा रुपया दुप्पट होतो. भाव शेकडा तीनने उतरला तर माझा रुपया संपतो, आणि त्यापुढचा प्रत्येक पैसा हा ज्याने उसने दिले त्याचा बुडतो. बेअर स्टर्न्स या जुन्या पेढीचे हे प्रमाण २००७ च्या अखेरीस तिसास एकाहून वर गेले होते, आणि त्यातले बरेचसे उसने एका रात्रीच्या बोलीवरचे. सकाळी सावकाराने "आज नको" म्हटले की दुकान बंद.

११ मार्च २००८ रोजी 'मॅड मनी'च्या एका प्रेक्षकाने हेच विचारले होते. बेअर स्टर्न्समध्ये माझे पैसे आहेत, काळजी करू का, काढून घेऊ का? क्रेमर जोराने ओरडला, नाही, नाही, नाही. बेअर ठीक आहे, पैसे हलवू नका. तीन दिवसांनी, शुक्रवारी, तो शेअर जवळजवळ निम्म्यावर कोसळून ३० डॉलरवर आला. रविवारी १६ मार्चला जेपी मॉर्गनने ती पेढी शेअरला दोन डॉलर या भावाने घेण्याचे ठरवले. जानेवारी २००७ मध्ये हाच शेअर १७० डॉलरच्या आसपास होता. पुढे दोनाचे दहा डॉलर झाले, इतकाच दिलासा.

यानंतर वर्ष गेले. १९ फेब्रुवारी २००९ रोजी सीएनबीसीचा वार्ताहर रिक सँटेली शिकागोच्या बाजाराच्या फडावर उभा राहून संतापला. हप्ते थकलेल्या घरमालकांना मदत करण्याची ओबामा सरकारची योजना आदल्याच दिवशी जाहीर झाली होती. शेजाऱ्याने ऐपतीबाहेर घर घेतले, त्याचे हप्ते आम्ही का भरावे, असा त्याचा सवाल होता, आणि भोवतालच्या सटोडियांनी टाळ्या वाजवल्या. कर्ज थकवणारे ते करंटे, असाही शब्द त्याने वापरला. चारच महिन्यांपूर्वी बँकांना वाचवण्यासाठी सातशे अब्ज डॉलरचा कायदा झाला होता. त्या वेळी फडावर असा संताप दिसला नव्हता.

सँटेली 'द डेली शो'मध्ये येणार असे ठरले होते. तो आला नाही. मग ४ मार्चला स्टुअर्टने त्याच्याऐवजी त्याच्या वाहिनीलाच बोलावले, म्हणजे तिच्या चित्रफितींना. एकामागून एक पंडित पडद्यावर येई, अमुक पेढी भक्कम आहे, तमुक शेअर घ्या, तळ गाठला आहे असे सांगे. मग पडदा काळा होई आणि पांढऱ्या अक्षरांत पुढे काय झाले ते येई. ती पेढी बुडाली. तो शेअर पडला. तळ आणखी खाली होता. शेवटी स्टुअर्टने हिशेब मांडला. त्याचा आशय असा: मी या वाहिनीचे ऐकले असते तर आज माझ्याजवळ दहा लाख डॉलर असते, मात्र सुरुवात दहा कोटींनी करायला हवी होती.

त्या मालिकेतली शेवटची चित्रफीत मला सर्वांत बोचली, आणि तिचे कारण क्रिकेट आहे. ॲलन स्टॅनफर्ड हे नाव आपल्याकडच्या क्रिकेटवेड्यांना आठवत असेल. जून २००८ मध्ये तो लॉर्ड्सच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरला आणि दोन कोटी डॉलरच्या नोटांनी भरलेली पेटी त्याने मांडून दाखवली. १ नोव्हेंबर २००८ रोजी अँटिग्वात त्याच्या 'सुपरस्टार्स' संघाने इंग्लंडला दहा गडी राखून हरवले आणि विजेत्या संघातल्या प्रत्येक खेळाडूला दहा लाख डॉलर मिळाले. सीएनबीसीच्या निवेदकाने याच स्टॅनफर्डला मुलाखतीत विचारले होते, अब्जाधीश असण्यात मजा येते का? स्टॅनफर्ड म्हणाला, होय, येते. १७ फेब्रुवारी २००९ रोजी अमेरिकेच्या रोखे नियामक मंडळाने त्याच्यावर फसवणुकीचा दावा दाखल केला. ठेवीदारांचे सुमारे सात अब्ज डॉलर गिळल्याबद्दल २०१२ साली त्याला ११० वर्षांची शिक्षा झाली. मजा येते का, या प्रश्नाऐवजी 'तुमच्या बँकेची ठेव इतरांपेक्षा इतके जास्त व्याज कशी देते?' एवढे विचारले असते तरी पुरे होते. तो प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानेही तो विचारला नव्हता, हेही येथे नमूद करायला हवे.

क्रेमर चिडला. आपले वाक्य संदर्भ सोडून दाखवले, असे त्याने लिहिले आणि दुसऱ्या कार्यक्रमांत जाऊन सांगितले. त्याच्या म्हणण्यात तथ्य होते, हे प्रामाणिकपणे सांगते. त्या प्रेक्षकाचा प्रश्न पेढीतल्या खात्यातल्या पैशांविषयी होता, शेअरविषयी नव्हता. आणि खातेदारांचे पैसे खरोखरच बुडाले नाहीत. स्टुअर्टच्या मंडळींनी यावर माफी मागितली नाही. ती पुन्हा तळघरात गेली आणि त्याआधीच्या काही आठवड्यांत क्रेमरने बेअरच्या शेअरवरही विश्वास दाखवल्याची चित्रफीत घेऊन वर आली. आठवडाभर अशी जुगलबंदी चालली आणि १२ तारखेला क्रेमर स्वतः समोर येऊन बसला. सँटेली आला नाही, हा आला, एवढे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे.

मुलाखतीत स्टुअर्टने काय केले, हे पाहण्यासारखे आहे. तो पहिल्यांदा हसला, विनोद केला, आणि मग विनोद बाजूला ठेवून त्याने डिसेंबर २००६ मधली एक जुनी मुलाखत काढली. आपण स्थापन केलेल्या संकेतस्थळासाठी क्रेमर त्यात मोकळेपणाने सांगत होता की, हेज फंडवाला मंदीच्या बाजूला असला की भाव खाली ढकलण्यासाठी काय काय करू शकतो. किती थोड्या भांडवलात दुपारपर्यंत वातावरण बदलता येते. वार्ताहरांच्या कानात कशी कुजबुज सोडावी. आपण हे प्रकार उघडकीस यावेत म्हणून सांगत होतो, असा बचाव क्रेमरने केला. स्टुअर्टने क्रमांक पुकारून पुढची चित्रफीत लावली. मग आणखी एक. न्यायालयात साक्षीदाराला त्याच्याच जबानीची पाने दाखवतात, तसे ते दृश्य होते. क्रेमर म्हणाला, कंपन्यांचे प्रमुख माझ्याशी खोटे बोलले, मला समन्स काढण्याचा अधिकार नाही. स्टुअर्ट म्हणाला, तुम्ही काही भाबडे बालक नाही. तुम्हाला हे ठाऊक होते.

या संभाषणातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग दोन बाजारांचा आहे. स्टुअर्टचे म्हणणे थोडक्यात असे होते. एक बाजार आम्हाला विकला गेला: निवृत्तीचे पैसे टाका, हलवू नका, दीर्घकाळात सारे ठीक होते. दुसरा बाजार मागल्या खोलीत चालतो: तिथे प्रचंड रकमा क्षणात आत येतात आणि क्षणात बाहेर जातात, आणि तो खेळ आमच्या पेन्शनच्या भांडवलावर खेळला जातो. तुम्हाला दोन्ही बाजार माहीत होते, आणि तुम्ही आम्हाला पहिलाच दाखवलात. पैशाची माहिती रंजक करून सांगायला हरकत नाही, पण हा खेळ नव्हे, असे तो म्हणाला. त्या वेळी त्याने वापरलेला शब्द महाविद्यालयाच्या वार्षिकात छापण्याजोगा नाही.

हे वाक्य मी परकेपणाने ऐकू शकत नाही. अमेरिकेत १९८० नंतर ठरावीक पेन्शन मागे पडत गेली आणि नोकरदाराने स्वतःच्या खात्यात टाकलेला, बाजारात गुंतवलेला पैसा हाच म्हातारपणाचा आधार झाला. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ नंतर आलेल्यांचेही तेच झाले. माझी नियुक्ती त्यानंतरची. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यातले कर्मचारी संपावर गेले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये ज्येष्ठ प्राध्यापक आणि आम्ही नवे यांच्यातली रेघ स्पष्ट दिसली. त्यांची पेन्शन शासनाच्या वचनावर उभी आहे, आमच्या पेन्शनचा काही भाग बाजाराच्या वाऱ्यावर आहे. ज्याने आयुष्यात एकही शेअर घेतला नाही असा माणूसही आता त्या मागल्या खोलीचा भांडवलदार आहे, आणि खोलीत काय चालते हे त्याला सांगणारा कोणी नाही. म्हणून अर्थवाहिनीवरचा पंडित काय बोलतो, हा सटोडियांच्या करमणुकीचा प्रश्न उरत नाही.

मग हे प्रश्न विनोदवीराने विचारावे लागले, वार्ताहरांनी का विचारले नाहीत? लबाडी हे त्याचे उत्तर सोपे आहे, आणि सोपे आहे म्हणूनच अपुरे. अर्थवाहिनीला दिवसाचे कितीतरी तास भरायचे असतात आणि ते भरायला पाहुणे लागतात. कंपनीच्या प्रमुखाला आज आडवे प्रश्न विचारले तर उद्या तो शेजारच्या वाहिनीवर जातो. जाहिराती दलालपेढ्यांच्या आणि फंडांच्या. प्रेक्षक बहुतांशी असे की ज्यांनी शेअर घेऊन ठेवले आहेत. त्यांना तेजीची बातमी गोड लागते. त्यातून सीएनबीसी तेव्हा जनरल इलेक्ट्रिकच्या मालकीची होती, आणि त्या कंपनीचा स्वतःचा मोठा सावकारी व्यवसाय याच वादळात सापडला होता. यात कोणी कोणाला लाच दिलेली नसते. खुर्चीच अशी ठेवलेली असते की बसणाऱ्याचे तोंड एकाच दिशेला राहावे. आपल्याकडे तर त्याही पुढचा प्रकार आरोपाच्या रूपाने समोर आला: जानेवारी २०२१ मध्ये सेबीने एका हिंदी अर्थवाहिनीच्या निवेदकाला बाजारात व्यवहार करण्यास अंतरिम मनाई केली. तो ज्या शेअरची शिफारस पडद्यावर करणार, तो आदल्या दिवशी त्याच्या घरच्यांच्या खात्यांत घेतला जाई, असा सेबीचा सकृद्दर्शनी निष्कर्ष होता.

विनोदवीराची खुर्ची वेगळी असते. कंपनीप्रमुख नाही आले तर त्याचे काही अडत नाही. उलट न येणे हाच त्याला विषय होतो. तमाशातल्या सोंगाड्याला राजा 'माझ्या दरबारात येऊ नकोस' म्हणू शकत नाही, कारण राजाचे सोंगही त्याच फडातल्या माणसाने घेतलेले असते. शिवाय त्याला अडाण्याचे सोंग घेता येते. "मला यातले काही कळत नाही, समजावून सांगा" हे वाक्य अर्थवार्ताहराच्या तोंडी नामुष्कीचे वाटते, सोंगाड्याच्या तोंडी शोभते. (स्टुअर्टला मात्र यातले काही कळत नव्हते असे मानू नये. त्याचा थोरला भाऊ न्यूयॉर्क शेअरबाजाराच्या कंपनीत वरच्या अधिकारपदावर होता.)

या मुलाखतीनंतर स्टुअर्टची पत्रकार म्हणून आरती सुरू झाली. तशी ती आधीच सुरू होती. २००७ साली प्यू संशोधन केंद्राने अमेरिकनांना तुमचा आवडता पत्रकार कोण असे विचारले, तेव्हा स्टुअर्ट नामांकित वृत्तनिवेदकांच्या बरोबरीने चौथ्या क्रमांकावर आला होता. येथे मी जरा थबकते. १२ मार्चच्या रात्री त्याने केले ते पत्रकाराचे काम होते का? पद्धत निःसंशय पत्रकाराची होती: नोंद जपणे, पडताळणे, माणसाला त्याच्या शब्दांसमोर उभे करणे, उत्तर टाळले तर तोच प्रश्न पुन्हा विचारणे. पण त्या रात्री नवी माहिती एकही बाहेर आली नाही. २००६ ची ती चित्रफीत आधीपासून लोकांसमोर होती. आणि मुख्य म्हणजे पैसे बुडून गेले होते. बाजाराने तळ गाठला तो ९ मार्चला, मुलाखतीच्या तीन दिवस आधी! क्रेमरनेही ऑगस्ट २००७ मध्ये कॅमेऱ्यापुढे आकांत करून मध्यवर्ती बँकेला काही कळत नाही असे बजावले होते, आणि ऑक्टोबर २००८ मध्ये पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा बाजारातून काढा असे सांगितले होते. या दोन्ही गोष्टी विनोदी हिशेबात बसत नव्हत्या, म्हणून त्या रात्री त्यांना फारशी जागा मिळाली नाही.

खरे काम घटनेच्या आधी करावे लागते, आणि ते कंटाळवाणे असते. लंडनच्या फायनान्शियल टाइम्समध्ये जिलियन टेट २००६-०७ च्या सुमारास कर्जरोख्यांच्या त्या अंधाऱ्या बाजारावर लिहीत होती. तिची डॉक्टरेट मानववंशशास्त्रातली; ताजिकिस्तानातल्या खेड्यात लग्नविधींचा अभ्यास केलेली ही बाई बँकर लोकांच्या परिषदांना एखाद्या जमातीच्या मेळाव्याला जावे तशी जाई, आणि ते कशाबद्दल बोलत नाहीत याची नोंद घेई. (कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.) आपल्या मुंबईत २३ एप्रिल १९९२ रोजी सुचेता दलाल यांनी टाइम्स ऑफ इंडियात स्टेट बँकेच्या सुमारे पाचशे कोटींच्या तुटीची बातमी दिली, आणि हर्षद मेहता प्रकरण फुटले. त्या बातमीत एकही विनोद नव्हता. ज्या काळात सारे शहर 'बिग बुल'च्या मोटारी मोजत होते त्या काळात ती छापली गेली, यात तिचे मोल आहे.

तेव्हा विनोदवीराने बातमीदाराची जागा घेतली असे मी म्हणणार नाही. बातमीदाराची खुर्ची रिकामी आहे हे त्याने दाखवले. आणि "मी तर फक्त विदूषक" ही त्याची 'क्रॉसफायर'पासूनची ढाल मला पूर्णपणे पटत नाही. दोन्ही हातांनी तलवार चालवायची आणि वार आला की टोपीचे घुंगरू वाजवायचे, ही सवलत फार सोयीची आहे. स्टुअर्टला हे जाणवत असावे. त्या रात्री शेवटी तो क्रेमरला जे म्हणाला त्याचा भावार्थ असा: आपण दोघेही तेल विकतो, पण आमच्या बाटलीवर आम्ही 'भोंदू तेल' असे लिहितो. तुम्ही तज्ज्ञपणाची पाटी काढा, मुळाकडे वळा, मीही माझ्या वेड्यावाकड्या तोंडांकडे परत जातो. क्रेमर म्हणाला, ठरले. दोघांनी हात मिळवले.

स्टुअर्टच्या हाताखाली तयार झालेला जॉन ऑलिव्हर पुढे या वाटेने आणखी आत गेला. २०१४ पासून तो आपल्या कार्यक्रमात एकेका विषयावर पंधरा-वीस मिनिटे बोलतो. पगारापूर्वीची चढ्या व्याजाची कर्जे, निवृत्तिवेतनाच्या फंडांतून गुपचूप कापली जाणारी फी, अशा विषयांवर, की जे कोणत्याही वाहिनीच्या संपादकाने रुक्ष म्हणून परत केले असते. जून २०१६ मध्ये थकलेल्या कर्जाचा बाजार कसा चालतो हे दाखवण्यासाठी त्याने स्वतःच एक वसुली कंपनी नोंदवली, सुमारे दीड कोटी डॉलरची रुग्णालयांची थकबाकी साठ हजार डॉलरच्या आत विकत घेतली, आणि नऊ हजारांच्या आसपास माणसांचे ते कर्ज माफ करून टाकले. कर्ज इतक्या स्वस्तात विकले जाते आणि वसूल मात्र पुऱ्या रकमेने केले जाते, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना कोणत्याही आलेखापेक्षा लवकर समजते. येथे विनोद आहे, पण त्याच्या पोटात नवी माहितीही आहे, आणि पैसे बुडण्याच्या आधी विचारलेला प्रश्नही आहे.

आता क्रेमरचे पुढे काय झाले, हे विद्यार्थी हमखास विचारतात. 'क्रॉसफायर' बंद पडला, 'मॅड मनी' बंद पडला नाही. स्टुअर्ट २०१५ साली निवृत्त झाला आणि २०२४ मध्ये आठवड्यातून एक दिवस परत आला. क्रेमर या सर्व काळात बटणे दाबीत होता. त्याच्या सल्ल्याच्या बरोबर उलटे करावे, ही बाजारातली थट्टा इतकी पिकली की मार्च २०२३ मध्ये एका फंडवाल्याने खरोखरच तसा फंड काढला: क्रेमर घ्या म्हणाला की विकायचे, विका म्हणाला की घ्यायचे. वर्षही पुरे झाले नाही. २०२४ च्या सुरुवातीलाच तो फंड गुंडाळावा लागला.